गुलाबी बटणाची गिटार

खुर्चीचा तह रविवारी दुपारी व्हायचा होता. दातांचा दवाखाना सूनबाईच्या हाती सोपवायला डॉक्टर तयार होते. किल्ल्या द्यायला तयार होते, बाहेरच्या पाटीवर तिचं नाव वर आणि आपलं खाली घ्यायलाही त्यांनी कुरकुर केली नव्हती. घोडं अडलं होतं ते खुर्चीपाशी. पायाने पेडल दाबून वरखाली करायची ती जुनी हिरवी खुर्ची, जिच्या हातांवरचं रेक्झिन रुग्णांच्या नखांनी ओरबाडून निघालं होतं, ती सूनबाईला भंगारात काढायची होती. सूनबाईही दातांचीच डॉक्टर. तिला बटण दाबताच अलगद आडवी होणारी नवी खुर्ची हवी होती. पण तिने विषय काढला की डॉक्टर चष्मा पुसायला घेत आणि खालच्या आवाजात म्हणत, "ती खुर्ची नाही. माझी गिटार आहे ती."

यापुढे कोणाचं काही चालत नसे, कारण ती कथा घरातल्या भिंतींनाही पाठ होती. कॉलेजच्या दिवसांत डॉक्टरांकडे एक लाल इलेक्ट्रिक गिटार होती. तिघा भावंडांचा ऑर्केस्ट्रा होता. थोरली ताई मागे स्टुलावर बसून दुसरी गिटार सांभाळायची, धाकटा ड्रम बडवायचा आणि मधोमध, माइकसमोर, कपाळावर केसांची झुलपं घेऊन डॉक्टर उभे असायचे. मग दवाखाना उघडायची वेळ आली आणि गिटार विकून खुर्ची आली. हकीकत एवढीच. पण डॉक्टरांच्या तोंडी ती वर्षागणिक वाढत गेली. आधी गिटार नुसती चांगली होती, मग ती शहरातली एकमेव झाली आणि अलीकडे तर तिच्यापायी परदेशातून बोलावणं आल्याचीही भर पडली होती. सांगायला श्रोते आयते मिळत. जबड्यात कापसाचे बोळे आणि डोक्यावर प्रखर दिवा असलेला माणूस कितीसा प्रतिवाद करणार? हुं हुं करत तो ऐकून घेई आणि डॉक्टर त्याला दाद समजत.

कथेतला एकच तपशील कधी बदलला नाही, तो गुलाबी बटणाचा. गिटारचं आवाज कमीजास्त करायचं बटण एकदा हरवलं, तेव्हा डॉक्टरांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कवळीच्या हिरड्या करतात त्या गुलाबी मसाल्याचं नवं बटण घडवून बसवलं होतं. लालभडक गिटारवर ते हिरडीच्या तुकड्यासारखं दिसे. आपल्या हातची पहिली कलाकृती म्हणून डॉक्टरांना त्याचा फार अभिमान होता.

तर त्या रविवारी सगळे दवाखान्यात जमले. बाहेरच्या खोलीतल्या लांब बाकावर ताई बसली होती. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, अजूनही पाठ ताठ. तिच्या शेजारी धाकटा. उभं आयुष्य त्याने लिफ्ट तपासण्याच्या नोकरीत काढलं आणि तरी बसल्याजागी गुडघ्यावर बोटांनी ताल धरायची खोड गेली नाही. नंबर देण्याच्या टेबलामागे डॉक्टरांची पत्नी. रुग्ण तिला बाईसाहेब म्हणायचे, कारण त्या टेबलाला वळसा घालून आत शिरायची कोणाची छाती नव्हती. हळूहळू घरचेही बाईसाहेबच म्हणू लागले. सूनबाईने नव्या खुर्चीचं चित्र भिंतीवर चिकटवून ठेवलं होतं आणि ती गप्प होती. तिचं हे गप्प राहणं डॉक्टरांना बरं वाटेना. वाद घालणारी सून परवडली, चित्र लावून शांत बसणारी नाही.

तेवढ्यात नात आली, सूनबाईची लेक. दातांच्या घराण्यात ही पोरगी कानांकडे वळली होती, ऐकू न येणाऱ्यांची यंत्रं दुरुस्त करायची. तिच्या एका हातात लांबट काळी पेटी होती, दुसऱ्या हातात स्पीकरचं खोकं. पेटी तिने थेट हिरव्या खुर्चीवर आडवी ठेवली.

"आबा, उघड."

डॉक्टरांनी उघडली. आत गिटार होती. लाल रंग जागोजागी तडकला होता, कडांना लाकूड उघडं पडलं होतं, पण गुलाबी बटण होतं तिथेच होतं. डॉक्टरांनी काही ठरवायच्या आधीच त्यांचा अंगठा त्या बटणावर जाऊन टेकला. बटणाच्या कडेला घासताना राहून गेलेला एक बारीक खड्डा होता. अंगठ्याला तो बरोबर सापडला.

नात सांगत होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी ती यंत्र बसवायला गेली होती, तर गिटार दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेली. त्यांनी तरुणपणी हौसेने घेतली आणि वाजवायचं राहून गेलं, मग नुसती शोभेला लावली. गुलाबी बटण पाहून नातीने त्यांना सगळी कथा ऐकवली आणि ते इतके विरघळले की त्यांनी स्वतः स्टुलावर चढून गिटार काढून दिली. तारा तिने नव्या बसवल्या होत्या, पण स्पीकरला जोडून पाहिली नव्हती. पहिला आवाज आबाच्याच हातचा निघायला हवा, असं तिने ठरवलं होतं.

डॉक्टरांना गिटार दिसल्याचा आनंद तर होताच, छातीत मावत नव्हता. पण त्याच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी वर येत होतं. एक गोष्ट त्यांनी जन्मात कोणाला सांगितली नव्हती. स्टेजवर त्यांचा हात स्वर्गातल्यासारखा चालायचा. निदान स्पीकरमधून तसं ऐकू यायचं. पण घरी, एकट्याने, स्पीकरविना वाजवायला बसले की बोटं एकमेकांच्या पायात पाय घालायची. काही कलावंतांचा हात लोकांसमोरच उघडतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. आता समोर लोक होते खरे. पण मधे इतकी वर्षं गेली होती आणि इतकी वर्षं कथा वाढत गेली होती.

"ही माझी नाही," डॉक्टर म्हणाले.

"नाहीच मुळी," ताई लगेच म्हणाली.

"छे, दादाची ही नव्हतीच. त्याची जास्त लाल होती," धाकट्याने पुस्ती जोडली.

डॉक्टरांना नवल वाटलं. या दोघांचं कशावर एकमत झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं, बापाच्या जन्मतारखेवरसुद्धा दोघं भांडली होती. आणि आज न विचारता दोघं आपल्या बाजूने. त्यांना भावंडांचा उमाळा आला. आपली लाज राखायला धावली बिचारी.

बाईसाहेब मात्र टेबलामागून उठून आल्या. त्यांनी बटण पाहिलं, मग नवऱ्याचा अंगठा पाहिला, जो अजून तिथून हलला नव्हता. "अहो," त्या म्हणाल्या, "असलं बटण जगात दुसऱ्या कोणी केलं असेल, असं वाटतं तुम्हाला?"

आता सूनबाईने तोंड उघडलं. ती फार गोड बोलली. गिटार बाबांची नसेल तर नात आजच ती त्या गृहस्थांना परत करेल. आणि बाबांचीच असेल तर मग प्रश्नच मिटला. गिटारच्या जागी खुर्ची आली होती ना, आता गिटार घरी आली, खुर्ची जायला मोकळी. हे बोलताना मायलेकींची जी नजरानजर झाली तिच्यावरून डॉक्टर काय ते समजले. पोरीने आणलेली भेट खरी होती, पण तिला चाकं आईने लावली होती.

डॉक्टर पुरते कात्रीत सापडले. हो म्हणावं तर खुर्ची जाते आणि वर वाजवून दाखवावं लागतं. नाही म्हणावं तर गिटार दुसऱ्यांदा हातची जाते. पेटी बंद करायला त्यांनी हात उचलला आणि तो हात पेटीवर न जाता पट्ट्याकडे गेला. पट्टा खांद्यावर येताच पाठ आपोआप सरळ झाली.

"माझीच आहे," ते म्हणाले.

मग आग्रह सुरू झाला. बाईसाहेबांनी ती जुनी आठवण काढली. कॉलेजच्या संमेलनात त्या मैत्रिणीसोबत मागच्या रांगेत बसल्या होत्या आणि गिटारवर एक संथ धून सुरू झाली. इतकी संथ, की सभागृहातले पंखे ऐकू येत होते. त्या धुनेच्या मध्यावर त्यांनी ठरवून टाकलं होतं की लग्न करीन तर या मुलाशी. लग्नानंतर धून कधी ऐकायला मिळाली नाही, तोवर गिटार गेली होती. आज ऐकायची होती.

ताई म्हणाली, आज कशाला, बोटं आखडली असतील. धाकटा म्हणाला, जुनी वायर आहे, शॉक बसेल. ताई म्हणाली, चहा घेऊ आधी. डॉक्टरांना भावंडांचं प्रेम आता जरा जास्तच वाटू लागलं. पण बाईसाहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर माघार घेणं शक्य नव्हतं. नातीने वायर जोडली, स्पीकरचा दिवा लागला. डॉक्टरांनी डोळे मिटले, मनात सगळ्या रुग्णांची क्षमा मागितली आणि तारांवरून हात फिरवला.

काहीच नाही. तारांची नुसती टिणटिण, आणि स्पीकरमधून माशी अडकल्यासारखी गुणगुण.

डॉक्टरांनी गुलाबी बटण इकडून तिकडे फिरवलं. आवाज नाही. त्यांच्या अंगावरून जणू थंड पाण्याची सर गेली, इतकं हायसं वाटलं. ते खिन्न दिसण्याचा प्रयत्न करू लागले. वय झालं हो हिचंही, असं काहीतरी म्हणाले. धाकट्याने तर रुमाल काढून मानच पुसली. म्हणाला, विषय संपला, भिंतीवरच छान दिसेल.

पण नातीने पिशवीतून बारीक पेचकस काढला होता. कानाची इवलीशी यंत्रं उघडणाऱ्या पोरीला ही म्हणजे बैलगाडी. तिने झाकण काढलं, खुर्चीवरचा दिवा खाली ओढून आत पाहिलं.

"हे तुटलेलं नाही," ती म्हणाली. "कापलंय. आणि कापून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळलीये. औषधाच्या दुकानातली, जखमेवर लावतात ती." तिने चिमट्याने एक पिवळट तुकडा बाहेर काढला. "खूप जुनी आहे."

धाकटा उठला. त्याची गाडी उन्हात उभी होती, ती सावलीत लावायला हवी होती.

"बसा, भाऊजी," बाईसाहेब म्हणाल्या. कापूस तोंडात घेऊन पळ काढणाऱ्या रुग्णांना ज्या आवाजात त्या थांबवत, तोच आवाज. "तुमचा नंबर आलाय."

धाकटा बसला. त्याने ताईकडे पाहिलं, ताईने छताकडे. मग गणिताच्या बाईंनी उत्तर सांगायचं ठरवलं आणि पायऱ्या न गाळता सांगितलं. एका कार्यक्रमात डॉक्टरांनी सगळ्यांच्या आधी गाणं सुरू केलं होतं, तेही दुसरंच, आणि सगळ्यांच्या आधी संपवून लोकांना अभिवादनही केलं होतं. आयोजक आत येऊन म्हणाले की मुलगा देखणा आहे, बोलतो छान, त्याला ठेवा, पण त्याची गिटार ऐकवू नका. त्याला काढणं शक्य नव्हतं, भित्तिपत्रकावर त्याचाच फोटो होता. शिवाय सांगणार कोण? मग पुढच्या तालमीआधी, डॉक्टर आरशासमोर केस विंचरत असताना, धाकट्याने वायर कापली आणि ताईने पट्टी गुंडाळली.

"पण त्यानंतरच तर माझा हात सुधारला होता," डॉक्टर म्हणाले.

ताईने आपल्या बोटांकडे पाहिलं.

"तो माझा हात होता," ताई म्हणाली.

पहिली फुटली ती सूनबाई. तिने तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत होते. मग धाकटा, मग नात. उभा जन्म डॉक्टरांनी लोकांचे दात काढले होते, आज घरचेच त्यांच्यावर दात काढत होते. हसल्या नाहीत फक्त बाईसाहेब. त्या काहीतरी जुळवत होत्या.

"ताई, आणि ती संथ धून?"

"मीच वाजवायचे ती."

बाईसाहेबांनी ताईकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा ताईकडे. "म्हणजे घर बरोबर निवडलं मी," त्या म्हणाल्या, "माणूस चुकला."

आता तर हसण्याला बांधच राहिला नाही. डॉक्टरांनी गिटार खांद्यावरून उतरवून खुर्चीवर ठेवली आणि ते आतल्या खोलीत गेले. तिथे कवळ्यांचे पांढरे साचे मांडलेलं कपाट होतं आणि हात धुवायचं बेसिन. ते साबण लावून हात धुऊ लागले, अवघड दाढ काढायच्या आधी धुवायचे तसे, कोपरापर्यंत. राग आला होता का, हे त्यांना नीट कळेना. आपण गावभर मिरवलेली वस्तू दुसऱ्याचीच निघावी, तसं काहीसं वाटत होतं. रुग्णांचे चेहरे आठवत होते. बरं झालं त्यांच्या तोंडात कापूस होता.

ताई दारात येऊन उभी राहिली. तिने माफी मागितली नाही, तिचा तो स्वभाव नव्हता. टॉवेल पुढे केला.

"पुढे मुलगी उभी आहे असं बाबांच्या कानावर गेलं असतं, तर दुसऱ्या दिवशी माझी गिटार बंद झाली असती," ती म्हणाली. "तू पुढे होतास म्हणून मागे कोणी पाहत नव्हतं. मला हवं तेवढं वाजवता आलं."

डॉक्टर हात पुसत राहिले. प्रत्येक बोट वेगळं पुसलं.

"टाळ्या पडायच्या तेव्हा मी वाकायचो," ते म्हणाले. "तेव्हा तू काय करायचीस?"

ताईने थोडा विचार केला. "तारा जुळवायचे. त्या जुळलेल्याच असायच्या."

मग डॉक्टरांना एकाएकी हसू आलं. ते आधी नाकातून आलं, मग पोटातून, आणि ताईही हसू लागली. कपाटातल्या कवळ्यांच्या सगळ्या रांगा त्या दोघांकडे पाहून हसत असल्यासारख्या दिसत होत्या. डॉक्टर म्हणाले, तरी म्हटलं, मी तारेवरून हात काढल्यावरही सूर लांबतो कसा. तो आपल्या वाद्याचा गुण आहे, असं ते लोकांना सांगत आले होते.

दोघं बाहेर आली तेव्हा नातीचं कापलेली वायर जोडून डाग देण्याचं काम उरकत आलं होतं. खोलीत वितळलेल्या धातूचा आणि लवंगतेलाचा मिसळून वास येत होता. तिने गिटार आबापुढे धरली. आबांनी ती घेतली आणि ताईच्या मांडीवर ठेवली. ताई नको नको म्हणाली. तिची गिटार मंडळाकडून उसनी आणलेली होती, लग्नाआधी परत केली ती केली, नंतर तारेला हात लावला नव्हता. बोटांची पेरं सुजलेली असत. पण बाईसाहेबांनी स्वतःचं स्टूल टेबलामागून काढून मधोमध, दिव्याखाली आणून ठेवलं. त्या स्टुलावर आजवर त्यांनी कोणाला बसू दिलं नव्हतं.

ताईने वाजवली. सगळी नाही. सुरुवात, मग एका जागी बोट अडखळलं, तिथून मागे येऊन पुन्हा. पण संथ होती आणि तीच होती. बाईसाहेब बाकाच्या कडेला अंग चोरून बसल्या होत्या, मागच्या रांगेतल्या मुलीसारख्या. शेवटचा सूर विरल्यावर त्यांनी टाळी वाजवली नाही. त्या नुसत्या म्हणाल्या की मध्यावर जिथे ती अडखळली, तिथेच त्यांनी तेव्हा ठरवलं होतं. ताई उठून उभी राहिली आणि तिने किंचित वाकून अभिवादन केलं. ते तिला नीट जमलं नाही.

सगळ्यांना वाटलं, हे आता इथेच संपणार, चहा होणार, माणसं डोळे पुसून घरी जाणार. डॉक्टरांनी हात पुढे केला.

"दे इकडे. आता मी."

"कशाला?" धाकट्याच्या तोंडून निघून गेलं.

"कशाला म्हणजे? मी अजून मला धड ऐकलेलं नाही."

डॉक्टर हिरव्या खुर्चीत जाऊन बसले, पेडल दाबून उंच झाले, गिटार पोटावर घेतली आणि सुरू केलं. पहिल्या फटक्याला खिडकीची काच थरथरली. दुसऱ्याला नातीने जिभेचं टोक दातांत धरलं. ते कोणतं गाणं होतं हे धाकट्याला कळेना, आणि त्याने तर त्या सगळ्या गाण्यांना ताल दिलेला होता. सूर एकमेकांना धक्के देत दारातून बाहेर पडत होते. डॉक्टर मधेच थांबत, ऐकत आणि नवल वाटल्यासारखे मान हलवत. वाईट होतं, हे त्यांना कळत होतं. इतकं वाईट असेल याची मात्र त्यांना कल्पना नव्हती, आणि का कोण जाणे, त्यामुळे आणखी मजा येत होती. त्यांनी आवाज वाढवला.

सूनबाईने ही संधी सोडली नाही. कानाशी वाकून तिने विचारलं, खुर्ची मंगळवारी न्यायला सांगू का. डॉक्टर तालावर मान हलवत होते. तिने तो होकार धरला. तालही नव्हता, असं धाकटा नंतर म्हणाला. पण तोवर ती फोन करून मोकळी झाली होती. बाईसाहेबांनी हे सगळं पाहिलं आणि त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्या कोणाच्या बाजूला होत्या ते उघड झालं. त्यांनी कानात बोटं घातली होती, पण डोळे नवऱ्यावरून काढले नव्हते.

तेवढ्यात दारावर धाडधाड थापा पडल्या. ताईने दार उघडलं. भिंतीपलीकडच्या कचेरीतला विमा एजंट उभा होता, हातात पेन, कपाळावर घाम. रविवारी शांतता असते म्हणून तो काम उरकायला आला होता. त्याने ताईच्या खांद्यावरून आत डोकावून खुर्चीकडे पाहिलं. तिथे रुग्ण नाही, हे पाहून तो चक्रावला.

"डॉक्टर, मला वाटलं भूल न देता कोणाची तरी दाढ काढताय," तो म्हणाला. "तुम्ही आहात होय? हे बघा, राग मानू नका, पण आवाज जरा कमी करता का?"

डॉक्टरांचा हात थांबला. चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की नातीला ते जुन्या भित्तिपत्रकावरच्या मुलासारखे दिसले. त्यांनी पेडल दाबलं, खुर्ची हळूहळू खाली आली.

"म्हणजे भिंतीपलीकडे ऐकू येतंय?"

"ऐकू येतंय म्हणजे काय? टेबलावरचे कागद उडतायत."

डॉक्टरांनी धाकट्याकडे पाहिलं, मग ताईकडे, मग बाईसाहेबांना खूण केली की कानातली बोटं काढ.

"पुन्हा सांगा," ते एजंटला म्हणाले. "जरा मोठ्याने सांगा. या मंडळींना ऐकायचंय."